म्हाइंभट : एका नामाचा विचार

महानुभाव पंथात लीळाचरित्राचे नाव निघाले की त्यासोबत म्हाइंभटांचे नाव निघतेच. आश्रमातील बालब्रह्मचाऱ्यापासून शेतात राबणाऱ्या वासनिकापर्यंत ते सर्वांच्या ओठी आहे. तथापि या नावाचा अर्थ काय आणि ते मूळचे कोणत्या शब्दापासून आले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वासनिकांच्या घरी मुलांची नावे चक्रधर, गोविंद, नागदेव, भास्कर, दामोदर अशी आवडीने ठेवली जातात. मुलींमध्ये महदंबेचे नाव आढळते. म्हाइंभटांचे नाव मात्र कोणी आपल्या मुलास ठेवल्याचे क्वचितच ऐकिवात येईल. ज्या पुरुषामुळे सर्वज्ञांच्या लीळा आजच्या जीवापर्यंत पोहोचल्या, त्याचेच नाव लोकव्यवहारातून नाहीसे झाले आणि केवळ पोथीत राहिले.

याचे एक कारण उघड आहे. हे नाव आजच्या कानाला नावासारखे वाटत नाही. आरंभी म्ह हे जोडाक्षर, त्यावर दीर्घ आकार, त्यापुढे स्वतंत्र इकार, त्यावर अनुस्वार आणि शेवटी भट. पाठ घेणारी मुले पहिल्या दोन अक्षरांपाशीच अडखळतात. मुद्रित ग्रंथांतही एकवाक्यता नाही. म्हाइंभट, म्हाईंभट, माहिंभट, महीभट, महिमभट, महीन्द्रभट अशी रूपे वेगवेगळ्या ग्रंथांतून भेटतात. यातील कोणते शुद्ध आणि कोणते अशुद्ध, असा वाद अधूनमधून होतो. वादाच्या मुळाशी चांगली भावना असते. एवढ्या थोर पुरुषाचे नाव अपभ्रष्ट रूपात का उच्चारावे, त्याला त्याचे मूळ संस्कृत रूप परत का देऊ नये, असे काहींना वाटते. या सूचनेचा निर्णय करावयाचा तर नावाची व्युत्पत्ती आणि त्या नावाच्या पुरुषाचे चरित्र ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

म्हाइंभट हे गोदातीरावरील सराळे गावचे. सराळे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरातील. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, गोदावरीचे दोन्ही तीर विद्येने गजबजलेले होते. प्रतिष्ठानासारखे जुने विद्यास्थान जवळच होते. गावोगाव अग्रहार होते आणि घरोघर वेद, व्याकरण, मीमांसा यांचे पठण चाले. म्हाइंभट अशाच एका संपन्न ब्राह्मण घरात जन्मले. गणपती आपयो यांच्याजवळ त्यांचे शास्त्राध्ययन झाले. मीमांसेतील प्राभाकर मतात त्यांची विशेष गती होती असे परंपरा सांगते. धन, कुळ आणि विद्या तिन्ही अनुकूल असलेल्या या तरुण पंडिताच्या ठिकाणी अभिमान उत्पन्न झाला, आणि आपल्याशी वाद करील असा कोण आहे, अशा वृत्तीने ते वागू लागले.

अशा घरात मुलाचे नाव ठेवताना आईबापांनी कोणता शब्द निवडला असेल? पंथातील परंपरा या नावाचे मूळ महीन्द्र असे मानते. मही म्हणजे पृथ्वी. तिचा इंद्र, म्हणजे श्रेष्ठ, तो महीन्द्र. पृथ्वीपती, राजा असा त्याचा अर्थ. येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. महीन्द्र आणि महेन्द्र ही एकच नावे नव्हेत. महेन्द्र हा महा आणि इंद्र यांचा संधी आहे. तो स्वर्गातील इंद्राचा वाचक आहे. महीन्द्राचा संबंध स्वर्गाशी नाही, भूमीशी आहे. म्हाइं या रूपात जो स्पष्ट इकार टिकून राहिला आहे तो महीन्द्र या मूळ शब्दाच्या बाजूने साक्ष देतो. महेन्द्रापासून शब्द आला असता तर तेथे एकाराची खूण राहण्याचा संभव अधिक होता.

महीन्द्राचे म्हाइं कसे झाले, हे मराठीच्या उच्चारपद्धतीत सहज दिसते. मराठीत मह या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या जुन्या शब्दांतील पहिला अकार लोपतो आणि म व ह एकमेकांत मिसळून म्ह होतो. महिषीची म्हैस झाली, महत्तरापासून म्हातारा आला, भाद्रपदातील महालय पक्षाला लोक म्हाळ म्हणू लागले, महालसा म्हाळसा झाली आणि खेड्यातील महादेव आजही म्हादू किंवा म्हादबा असतो. या सर्व शब्दांच्या ओळीत म्हाइं हा शब्द निःशंकपणे बसतो. दीर्घ आकाराचे कारणही जुन्या पोथ्यांत सापडते. यादवकालीन मराठीत महा हा शब्द बहुधा माहा असा लिहिला जाई. महाराष्ट्र हा शब्द आपल्या पोथ्यांत माहाराष्ट्र असा येतो. त्याच सवयीने महीन्द्राचे आद्य अक्षर मा झाले, आणि माहिं हे रूप जिभेवर म्हाइं बनले. अनुस्वार हा इंद्रातील नकाराचा अवशेष होय. चंद्राचा चांद होतो, दंताचा दांत होतो, तेव्हा जोडाक्षर मोडते पण नाकातला स्वर राहतो. तसेच येथे घडले. शेवटचा द्र मात्र पूर्णपणे गळाला. हाक मारण्याच्या नावात असे नेहमीच होते. घरातील माणसे नावाचा पहिला भाग धरतात आणि उरलेला सोडून देतात. म्हणजे म्हाइं हे मुळात घरातले, अंगणातले, आईच्या तोंडचे रूप आहे.

हा नियम सर्वत्र सारखा लागू झाला असे मात्र समजू नये. महदाइसेच्या नावात मह जसाच्या तसा राहिला. तेथे म्ह झाला नाही. एकाच काळात, एकाच मंडळीत एक नाव बदलले आणि दुसरे बदलले नाही. भाषा व्याकरणकारांना विचारून चालत नाही.

महिम या शब्दापासून हे नाव आले असावे, असाही एक पक्ष आहे. महिमा म्हणजे मोठेपण, आणि महिमभट्ट हे नाव संस्कृत वाङ्मयाला अपरिचित नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये महिमभट्ट नावाचे प्रसिद्ध साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेले. आनंदवर्धनांच्या ध्वनिसिद्धांताचे खंडन करण्यासाठी त्यांनी व्यक्तिविवेक हा ग्रंथ लिहिला आणि ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात होतो असे प्रतिपादन केले. शब्दाच्या दृष्टीने हा पक्षही अगदीच टाकाऊ नाही, कारण शब्दान्ती असलेला म सैल होऊन अनुनासिक मागे ठेवतो. ग्रामाचे गांव होते ते याच रीतीने. तथापि काश्मीरमधील नावाची पद्धत गोदातीरी होती असे मानण्यास काही आधार हवा, आणि परंपरेने दिलेले मूळ सोडण्यास त्याहून बळकट आधार हवा. तसा तो नाही. दोन्ही अर्थ शेवटी मोठेपणाकडेच जातात, एवढे मात्र खरे. माहीम या गावावरून हे नाव पडले असावे अशीही एक कल्पना पुढे येऊ शकेल. ती तर विचारातच घेण्याजोगी नाही. समुद्राकाठचे माहीम हे महिकावतीचे रूप आहे, आणि म्हाइंभट हे सराळ्याचे होते. गावावरून ओळखले जाणारे भट आपल्या पंथात आहेत. भास्करभट बोरीकर हे त्यांपैकी होत. पण तेथे गावाचे नाव भट शब्दानंतर येते, आधी येत नाही.

नावाचा उत्तरार्ध भट असा आहे. हा शब्द इतका परिचित आहे की त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. संस्कृतात भट्ट आणि भट असे दोन वेगळे शब्द आहेत. भट्ट हा भर्तृ या शब्दाचा प्राकृत वळणाने आलेला अवतार. भर्ता म्हणजे भरण करणारा, स्वामी. विद्वान ब्राह्मणाला आदराने भट्ट म्हणत, त्यात ज्ञानाचा धनी असा भाव आहे. दुसरा शब्द भट. तो भृत या शब्दापासून आला. भृत म्हणजे ज्याचे भरण केले जाते तो, पोसलेला, सेवक. पुढे वेतनावर लढणाऱ्या सैनिकालाही भट म्हणू लागले. दोन्ही शब्दांचा धातू भृ हाच आहे. एक पोसणारा आणि दुसरा पोसला जाणारा. मराठीने जोडाक्षर सोडले तेव्हा दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला. स्वामीही भट आणि सेवकही भट.

सराळ्यात मुलाचे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात पहिलाच अर्थ होता यात शंका नाही. पृथ्वीचा इंद्र आणि विद्येचा स्वामी, असे दुहेरी स्वामित्व त्या एका नावात बांधलेले होते. तरुण म्हाइंभट त्या नावाला साजेसेच वागत होते.

त्या वेळी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा वास गोदातीरी डोमेग्रामी होता. सराळ्यापासून हे स्थान फार दूर नाही. स्वामींची कीर्ती ऐकून म्हाइंभट तेथे गेले ते जिज्ञासू म्हणून नव्हे, वादी म्हणून. पुढे जे घडले ते पंथात सर्वांना विदित आहे. स्वामींनी त्यांच्या शास्त्राचा अनादर केला नाही. ग्रंथांतर्गत मतांचे खंडन करीत बसण्याची वेळही आली नाही. विचार मोक्षाचा निघाला, आणि शास्त्राने सांगितलेली गोष्ट माहीत असणे व ती आपल्या ठायी असणे या दोहोंतील अंतर म्हाइंभटांच्या ध्यानी आले. ते निरुत्तर झाले. वादात हरलेला पंडित एरवी दुसऱ्या दिवशी नवे प्रमाण शोधून आणतो. म्हाइंभटांना तसे करावेसे वाटले नाही, यातच त्यांची योग्यता दिसते.

या प्रसंगाकडे नावाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट विशेष वाटते. हा प्रसंग आपल्याला कळतो तो लीळाचरित्रातून, आणि लीळाचरित्राचे लेखक स्वतः म्हाइंभट आहेत. स्वतःच्या विद्येचा गर्व आणि स्वतःचा पराभव त्यांनी आपल्याच हाताने लिहून ठेवला. ग्रंथ त्यांच्या हाती होता, साक्षीदार पांगले होते. ती लीळा गाळली असती किंवा मवाळ केली असती तर विचारणारे फार थोडे होते. त्यांनी तसे केले नाही. ग्रंथातही ते स्वतःचा उल्लेख इतरांसारखाच करतात, घरगुती रूपाने, महीन्द्र असे सजवून नव्हे.

शके ११९६ म्हणजे इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले. सर्व मंडळी श्रीनागदेवाचार्यांसह रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानास आली. म्हाइंभटही तेथे आले. ज्याने वाद जिंकण्यासाठी घर सोडले होते तो आता झाडलोट आणि सेवा यांत रमला. श्रीगोविंदप्रभूंच्या नावाचाही येथे विचार करण्यासारखा आहे. गावातील लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. पोथ्यांत आणि स्तोत्रांत श्रीगोविंदप्रभू हे नाम रूढ झाले, आणि दोन्ही नामे आदराने नांदली. स्वामींचेही तसेच. गुजरातेत भरवसी, म्हणजे भडोचास, ते हरपाळदेव होते. श्रीप्रभूंनी त्यांना चक्रधर हे नाम दिले. पंथाच्या मूळ मंडळीत एका व्यक्तीला एकाहून अधिक नावे असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. बाइसांचे मूळ नाव नागुबाई होते. रामदेव हे दादोस या नावानेच अधिक ओळखले जात.

नागदेवाचार्यांचे उदाहरण तर म्हाइंभटांच्या नावाशी थेट निगडित आहे. लीळाचरित्रात नुसता भट असा शब्द येतो तेव्हा तो नागदेवाचार्यांचा वाचक असतो. दुसरे नाव जोडण्याची गरज पडत नाही. त्याच भट शब्दापुढे आदरार्थी बास लागून भटोबास हे नाव झाले. बास हा व्यास या शब्दाचा मराठी उच्चार असावा असे काही अभ्यासक मानतात. रवळोबासांचे नाव रवळो व्यास असेही लिहिले जाते, त्यामुळे हे मत विचारार्ह ठरते. आता लक्षात घ्यावे की ज्या ग्रंथाचे लेखन म्हाइंभटांनी केले, त्याच ग्रंथात केवळ भट हे पद त्यांनी आपल्या आचार्यांसाठी राखून ठेवले. स्वतःकडे नुसते भटपण घेतले नाही. ते सदैव म्हाइं या उपपदासहितच राहिले. आणि व्यासांनी केलेले काम, म्हणजे विखुरलेले एकत्र करून त्याची मांडणी लावणे, हेच त्यांनी केले असूनही लोकांच्या तोंडी ते बास झाले नाहीत, भटच राहिले.

शके १२०९ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनी देह ठेवला. मंडळी दुसऱ्यांदा पोरकी झाली. रिद्धपुरातील वाजेश्वरी या स्थानी नागदेवाचार्य एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत. ते काय करीत आहेत, हे म्हाइंभटांनी पाहिले आणि विचारले. लीळांचे स्मरण चालले आहे असे कळल्यावर त्यांच्या मनात जो विचार आला त्याने मराठी भाषेचा इतिहास बदलला. आचार्यांना आठवते ते आचार्यांबरोबर जाईल; ज्यांना स्वामींचे सन्निधान लाभले नाही त्यांनी मग कशाचे स्मरण करावे? नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हाच अनुसरलेल्या जीवाचा नित्य आचार. लीळाच उरल्या नाहीत तर त्या आचाराला आलंबन राहत नाही. त्यांनी लीळा लिहिण्याची अनुज्ञा मागितली. आचार्यांनी ती दिली. आचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत, असा क्रम सुमारे सहा महिने चालला.

केवळ एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. जी लीळा आचार्यांसमोर घडली नव्हती ती ज्याच्यासमोर घडली त्याच्याकडून ऐकावी, हा त्यांचा नियम होता. त्यासाठी त्यांनी गावोगाव अटन केले. ज्यांना स्वामींचा संबंध झाला होता असे स्त्रीपुरुष शोधून काढले. त्यांत पंडित होते तशा म्हाताऱ्या बायाही होत्या. त्यांच्यासमोर बसून ऐकताना या माजी प्राभाकर पंडिताला आपली विद्या काही उपयोगाची नव्हती. येथे तर्काने पूर्वपक्ष मांडायचा नव्हता. ऐकायचे होते, आणि ऐकले ते ऐकले तसे ठेवायचे होते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत ही सामग्री रचली गेली. परंपरेत लीळांची संख्या १५०९ सांगितली जाते. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळाही त्यांनी स्वतंत्रपणे लिहिल्या; तो ग्रंथ रिद्धपूरचरित्र किंवा श्रीगोविंदप्रभुचरित्र या नावाने प्रसिद्ध आहे. मराठी गद्याचा आणि मराठी चरित्रलेखनाचा आरंभ या दोन ग्रंथांपाशी होतो.

या लेखनाची भाषा बोलण्याची आहे. म्हातारीने जो शब्द वापरला तो तेथे आहे. खाण्याचे पदार्थ, वस्त्रे, वाटेवरची गावे, ओसऱ्या आणि मढ, भांडणे, चेष्टा, लहान मुलांचे हट्ट, सर्व काही लोकांच्याच शब्दांत आले आहे. माणसांची नावेही तशीच. बाइसा, आऊसा, उमाइसा, महदाइसा ही नावे पंडिताच्या लेखणीला सहज संस्कृत करता आली असती. म्हाइंभट संस्कृतात असमर्थ होते असे कोणी म्हणणार नाही. केशिराजबासांसारखे विद्वान संस्कृत रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण संस्कृत झाले की पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या त्या ज्ञानापासून वंचित होतील, अशी त्यांची चिंता होती. हा निर्णय उपदेशाच्या भाषेपुरता मर्यादित होता असे समजू नये. ज्यांच्या स्मृतीतून ग्रंथ निर्माण झाला त्यांच्या नावांनाही तो लागू पडतो. उमाइसेने पोथी ऐकली तर तिला आपले नाव ओळखू आले पाहिजे.

म्हाइंभटांच्या हातची ती मूळ पोथी आज नाही. खालशाच्या धाडीत, उत्तरेकडील फौजा देवगिरीवर आणि दक्षिणेवर कोसळल्या त्या धामधुमीत, ती नष्ट झाली. ग्रंथ गेला, पण ज्या रीतीने तो जन्मला होता त्याच रीतीने तो पुन्हा उभा राहिला. हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या साध्वींना लीळा मुखोद्गत होत्या. ज्याला जे आठवत होते ते पुन्हा लिहिले गेले, आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. एकाच लीळेत कोठे शब्द वेगळा, कोठे स्थळ वेगळे. या पाठभेदांचे पंथाने काय केले? एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याची वासना अशी, अमक्याचा शोध असा, अशा नोंदींसह ते पोथ्यांत राहू दिले. म्हाइंभटांनी घालून दिलेली साक्षीदाराच्या शब्दाला धक्का न लावण्याची शिस्त त्यांच्या पश्चातही टिकली, ती अशी.

पुढे सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिपींत ग्रंथ बंद झाले आणि कित्येक शतके बाहेरच्या जगाला या नावाचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली. ह. ना. नेने यांनी १९३६-३७ मध्ये लीळाचरित्राचे भाग नागपुरातून प्रसिद्ध केले, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६४ ते १९६७ या काळात निघाली, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेला ग्रंथ १९७८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. या शेवटच्या ग्रंथाच्या नावातच म्हाइंभट संकलित असे शब्द आहेत. संकलित हा शब्द नेमका आहे. म्हाइंभटांनी स्वतः त्याहून मोठा शब्द मागितला नसता. या आवृत्त्यांविषयी पंथात आणि पंथाबाहेर मतभेद झाले. त्यांचा येथे संबंध नाही. नावापुरते बोलावयाचे तर विद्यापीठीय अभ्यासकांनीही म्हाइंभट हेच रूप प्रमाण धरले, आणि ही गोष्ट योग्य झाली.

आता मूळ सूचनेकडे वळता येईल. महीन्द्रभट हे रूप चुकीचे नाही. संस्कृत स्तोत्रात, श्लोकात, जेथे छंदाची आणि विभक्तीची गरज आहे तेथे ते वापरण्यास हरकत नाही. गुंडम राऊळ आणि श्रीगोविंदप्रभू यांप्रमाणे ही दोन रूपे शेजारी नांदू शकतात. परंतु मराठी पोथीच्या पाठात म्हाइंभट खोडून तेथे महीन्द्रभट लिहिणे हे वेगळे कृत्य आहे. अपभ्रष्ट म्हणून जे रूप दुरुस्त करावयाचे म्हणतात ते भ्रष्ट नाही. म्हैस आणि म्हातारा जितके शुद्ध मराठी आहेत तितकेच तेही आहे. शिवाय ज्याने सर्व साक्षीदारांचे बोलणे त्यांच्या उच्चारात राखले, त्याच्या एकट्याच्या नावाला लेखणी लावणे हे त्याच्याच शिस्तीविरुद्ध होईल. महीन्द्र हे नाव आईबापांनी दिले होते आणि त्यात राज्याचा अर्थ होता. म्हाइं हे नाव माणसांनी हाक मारून मारून घडवले. डोमेग्रामी ज्या पंडिताचा अभिमान गळाला त्याच्या नावातूनही इंद्राचा मोठा भाग गळालेला असावा, हा शब्दशास्त्राचा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नव्हे. पण योगायोग म्हणूनही तो पुसून टाकण्याचे कारण नाही.

भट या शब्दाविषयीही असेच म्हणता येईल. सराळ्यात त्याचा अर्थ भर्ता होता. रिद्धपुरात, श्रीप्रभूंच्या सेवेत आणि पुढे वाजेश्वरीत आचार्यांसमोर लेखणी घेऊन बसताना, तोच शब्द भृत या दुसऱ्या मुळाकडे वळला. अक्षर एकही बदलले नाही.

पाठ देणाऱ्यांनी मुलांकडून या नावाचा उच्चार सावकाश करवून घ्यावा. म्ह वर आघात, मग आकार पूर्ण लांबवून, इकार वेगळा आणि अनुस्वार नाकात. म्हाइ आणि भट यांच्या मध्ये श्वास तोडू नये. चार-सहा वेळा म्हटले की ते जिभेवर बसते. मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरास दर्शनासाठी जाणारे भाविक वाजेश्वरीच्या स्थानी नमस्कार करतात तेव्हा तेथे हे नाव आजही याच रूपात घेतले जाते.